न जुळणारं रक्त

बोरिवली (पूर्व)
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय दर्शना,
जय भीम.

फोनवर तुझं अर्धं बोलणं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच लावून घेते. त्यातून मागच्या वेळी घोळ झाला, म्हणून चिठ्ठी लिहितेय. तुझा भाऊ उद्या माझं लाइटबिल भरायला येणार आहे. सम्यकच्याच हाती देते.

बुधवारपासून मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जातेय. तिथे मोबाइल काढून घेतात आणि कुणाशी बोलू देत नाहीत. सोळा तारखेपर्यंत फोन करू नका, शोधू नका. तू पंधराला चेन्नईला निघशील तेव्हा मी स्टेशनवर नसेन. रागावू नकोस. वर्षभराचा कोर्स आहे, दिवाळीला येशीलच की. रक्तपेढीतलं एवढं मोठं शिक्षण आपल्या घरात पहिल्यांदा कुणी घेतंय. तुझा बाबा असता तर त्याने चाळीत पेढे वाटले असते. दादूला निमित्तच लागायचं.

माझी प्रकृती झकास आहे. थकल्यासारखी दिसते म्हणालीस, ते वय.

जाड स्वेटर घेऊ नकोस, चेन्नईला लागत नाही.

तुझी आत्या


मुलुंड
शनिवार, ८ फेब्रुवारी, दुपार

आत्या,

तू इगतपुरीला नाहीस. आमच्या ब्लड बँकेपासून दोन गल्ल्या पलीकडे, चौथ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात आहेस.

काल संध्याकाळी माझ्या हातात सॅम्पलची नळी आली. वर नाव, नीला सखाराम जगधने, वय बासष्ट. मी ती तशीच रॅकमध्ये ठेवली. मुंबईत दुसरी कुणी असेल असं म्हटलं. मग फॉर्मवर सही बघितली, नलिनी चव्हाण. तुझ्या शाळेतल्या नलिनी मावशीची सही मी ओळखत नाही का?

काल रात्री येऊन गेले. तुला सुईची गुंगी होती. मावशीने सगळं सांगितलं. गुरुवारी तिच्या बाथरूममध्ये घसरलीस, खुब्याचं हाड मोडलं, कानाचं मशीन आणि मोबाइल दोन्ही तुझ्याखाली चिरडले. इगतपुरीचं विचारलं तर ती खिडकीबाहेर बघत बसली. सकाळी परत आले. 'दुखतंय का?' असं तुझ्या कानाशी ओरडले, तर आठही खाटांवरून 'हो' आलं.

आता जे विचारायचंय ते तसं ओरडून विचारण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. मावशीकडेच उत्तर दे.

तुझं हिमोग्लोबिन सहावर आलंय. रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही आणि खुब्याच्या ऑपरेशनला उशीर चालत नाही. बाई पडून राहिली की छातीत कफ भरतो, पायात गाठ होते. तुझा ग्रुप बी पॉझिटिव्ह, आमच्या फ्रीजमध्ये त्याच्या भरपूर बॅगा आहेत. मी नऊ लावून बघितल्या आणि नऊही जुळल्या नाहीत. तुझं रक्त फक्त तुझ्याच रक्ताशी जुळतं, बाकी कुणाशीच नाही.

आमच्या डॉक्टर क्षमा मॅडम म्हणतात की रक्तात अँटीबॉडी आहे. म्हणजे शरीराने कधीतरी परकं रक्त पाहिलंय आणि त्याच्याविरुद्ध शस्त्र तयार ठेवलंय. ते दोनच कारणांनी होतं. आधी कधी रक्त चढवलं असेल तर, नाहीतर बाई गरोदर राहिली असेल तर. हे मी प्रत्येक बाईला विचारते, तुला वेगळं काढून विचारत नाहीये. तुला कधी रक्त चढवलं होतं का? आणि दुसरं?

आणि दुसरा काही आजार, काही औषध?

दर्शना


शनिवार, संध्याकाळ

दर्शना,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: नाही. नाही. नाही.

मी अविवाहित बाई आहे हे तुझ्या मॅडमना सांगितलंस की नाही? चौतीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं, पोरींना मान वर करून चालायला शिकवलं, आणि आता माझ्याच भाचीने कागदावर हे विचारायचं. तुमच्या मशीनमध्ये बिघाड असेल, तो आधी बघा.

इगतपुरीचं म्हणशील तर बेत बदलला, कळवायचं राहिलं. यात चौकशी करण्यासारखं काही नाही. घरी सांगू नकोस, वहिनीचं ब्लड प्रेशर वाढेल. तुझं तिकीट पंधराचं आहे. तू त्या गाडीत बसायचंस. माझा पाय माझा मी बघेन.

आत्या


रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळ

आत्या,

मशीनमध्ये बिघाड नाही. रात्रभर बसून हाताने केलं. चौदा बॅगा झाल्या. मग आमच्याकडे अँटीबॉडी ओळखायच्या अकरा नमुन्यांचा एक संच असतो, तोही लावला. साधारणपणे काही नमुने जुळतात, काही जुळत नाहीत, त्यावरून अँटीबॉडीचं नाव कळतं. तुझ्या बाबतीत अकराच्या अकरा जुळले नाहीत. मॅडम म्हणाल्या, अशी केस त्यांनी दोनदाच पाहिलीय.

उद्याचं ऑपरेशन रद्द झालंय. तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तुझे हाडांचे डॉक्टर म्हणतात, त्यातल्या त्यात कमी वाईट असलेली बॅग देऊन बघू. म्हणजे न जुळणारंच रक्त लावायचं आणि शेजारी बसून बघत राहायचं, थंडी वाजते का, लघवी लाल होते का. ती बॅग माझ्या सहीने जाईल. माझा हात उचलेल असं तुला वाटतं?

तू चिडलीस ते समजलं. पण चिडलीस कशी ते मी तीनदा वाचलं. तू खोटं बोलतेस तेव्हा तुझी वाक्यं छोटी होतात.

काही असेल तर फक्त 'हो' लिही. कधी, कुठे, कोण, काही नको. मॅडमपलीकडे ते जाणार नाही. आईलाही नाही, सम्यकलाही नाही.

दर्शना


रविवार, संध्याकाळ

दर्शना,

हो. दोन्ही.

नुसतं 'हो' लिहून मी चिठ्ठी नलिनीकडे दिली होती. ती दारापर्यंत गेली आणि मी परत बोलावली. आता लिहितेच.

१९८७ साल. मी गोवंडीच्या शाळेत नवीन होते, पंचवीस वर्षांची. बाळा चित्रकला शिकवायचा. तो मालवणकडचा, वडील गिरणीत होते, संपानंतर गावी गेलेले. आम्ही रजिस्टर लग्न करायचं ठरवलं होतं. त्याच्या घरी माझी जात चालणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. 'शिमग्याला जाऊन येतो, आईला समजावतो, आठ दिवसांत परत' असं म्हणून गेला. दोन पत्रं आली. दुसऱ्यात 'थोडा धीर धर' एवढंच होतं. मग शाळेत त्याचा राजीनामा आला. त्याचं तिकडे लग्न झाल्याचं मला हेडमास्तरांकडून कळलं, तेही चहा पिता पिता.

तेव्हा मला चौथा संपत आला होता.

मी फक्त दादूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुझा बाबा माझ्यासाठी डाळिंबं घेऊन आला. पाचव्या महिन्यात एका दुपारी मला रक्त जायला लागलं. त्याने रिक्षात घालून कुर्ल्याच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. काउंटरवर विचारलं, 'नवऱ्याचं नाव?' दादूने स्वतःचं नाव सांगितलं, सहीही केली. माझ्या सख्ख्या भावाने, दर्शना. त्याचं तेव्हा लग्न ठरलं होतं. ते कुणाच्या कानावर गेलं असतं तर? पण त्याने मागेपुढे पाहिलं नाही.

मूल गेलं. मला रक्ताच्या दोन बाटल्या लावल्या. आयाबाईने मला हळूच सांगितलं की मुलगी होती. दादू तिला घेऊन गेला. कुठे ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. शाळेत कावीळ म्हणून महिनाभराची रजा टाकली. त्यानंतर तो मरेपर्यंत आमच्यात या विषयावर एक अक्षर झालं नाही.

आता तुझ्या मॅडमना सांग. रक्ताने चहाडी केलीच आहे, तर मी कशाला लपवू.

दादूच्या नावाला मात्र बट्टा लागू देऊ नकोस.

आत्या


सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळ

आत्या,

पत्र वाचून मी आमच्या स्टोअर रूममध्ये जाऊन बसले होते. बाबांचं ऐकून जास्त रडू आलं. यावर नीट लिहीन, आत्ता नाही. आत्ता माझं डोकं फक्त बॅगांमध्ये आहे.

मॅडमना 'पूर्वी एकदा गरोदरपण, दोन बाटल्या रक्त' एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग जुळतंय सगळं. म्हणजे ही अशी अँटीबॉडी आहे की जगात शेकड्यात एखाद्याचंच रक्त तुला चालेल. सॅम्पल बाहेरच्या मोठ्या लॅबकडे पाठवलंय. त्यांचं उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतील, मग तसा रक्तदाता शोधायचा. सम्यकचंही तपासतेय. त्याला 'डोनेशन कॅम्प आहे' म्हणून फसवून बोलावलं. रक्ताच्या नात्यात एखादं जुळतं. माझं स्वतःचं तर पहिल्याच दिवशी लावलं होतं. नाही जुळलं.

सकाळी तुला ताप होता असं सिस्टर म्हणाल्या. मावशीला विचारलं तर ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. काय आहे?

पाणी पी. उशी उंच ठेव. खोकला आला तर दाबू नकोस.

दर्शना


मुलुंड, सोमवार, दुपारचे तीन

दर्शना,

नलिनी मावशीचो हो कागद. तुझ्या आत्येन माका शपथ घातलीहा, पण माका आता रवना नाय. तिका झोप लागलीहा, तेवढ्यात लिवतंय.

नीट मराठीत लिहिते, नाहीतर तुला वाटेल म्हातारी बडबडतेय. नीला गेल्या जूनपासून परळला जाते. तिला हाडांच्या आतल्या रक्ताचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी नाव मायलोमा सांगितलंय. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी आणि आता महिन्यातून एकदा तिला दिवसभर सलाईनमधून औषध देतात. त्या दिवशी ती माझ्याकडे उतरते, कारण तिला एकटीला जिना चढवत नाही. शुक्रवारी सात तारखेला तिची बाटली होती. आदल्या दिवशी ती पडली. विपश्यना वगैरे सगळं तुझ्यासाठी रचलेलं. तुला कळलं तर चेन्नई सोडशील म्हणून इथल्या डॉक्टरांनाही तिने सांगू दिलं नाही. मी भांडले. म्हणाली, 'आधी तिला गाडीत बसू दे, मग सगळ्यांना सांगते.'

मी म्हटलं, अगं ते औषध रक्तातच जातं ना? तर म्हणते, रक्त न जुळण्याचं कारण तिला माहीत आहे. काय ते मला सांगत नाही. मला काही कळत नाही. तुला कळत असेल तर बघ.

तिच्या पिशवीतलं परळचं कार्ड सोबत देतेय. तिला काय सांगायचं ते मी बघते.

नलिनी


मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळचे सहा

आत्या,

मिळालं. दोन बॅगा मिळाल्या. आठ वाजता तुझ्या हाताला पहिली लागेल. हे आधी वाच आणि मग पुढचं.

कार्डावरचं औषधाचं नाव वाचल्याबरोबर मॅडमनी खुर्ची मागे ढकलली. म्हणाल्या, "अरे देवा, हे होतं तर!" तुझं औषध कॅन्सरच्या पेशींवरची एक खूण ओळखून तिला चिकटतं. ती खूण आपल्या सगळ्यांच्या लाल पेशींवरही असते, अगदी थोडी. तुझ्या पेशींवरून ती औषधामुळे निघून गेलीय. म्हणून आम्ही तपासायला कुणाचंही रक्त घेतलं की तुझ्या रक्तातलं औषध त्याला चिकटायचं आणि आम्हाला वाटायचं अँटीबॉडी आहे. चार दिवस आम्ही औषधाच्या मागे धावत होतो. एक रसायन लावलं की पेशींवरची ती खूण निघून जाते. ते आमच्याकडे नव्हतं, आमच्या ब्लड बँकेतला प्रीतम घाटकोपरच्या एका लॅबमधून बाइकवरून घेऊन आला. मग परत तपासलं. अकराही नमुने स्वच्छ. त्या रसायनाने केल नावाची एक वेगळी खूणही पुसली जाते, मग ती जुळते का ते तपासता येत नाही, तेव्हा ती नसलेल्याच बॅगा निवडल्या. तशा आपल्याकडे शंभरात सत्त्याण्णव असतात.

म्हणजे तुझ्या रक्तात खरी अँटीबॉडी नाहीच. त्या जुन्या गोष्टीचा तुझ्या रक्तात काहीही मागमूस नाही. कुर्ल्याचं काही उरलेलं नाही. आनंद आहे ना?

आता भांडण. मी विचारलं होतं, दुसरा काही आजार, काही औषध? तू लिहिलंस 'नाही'. जे सांगायला सगळ्यात कठीण ते सांगितलंस आणि जे सांगायला सोपं होतं ते लपवलंस. एका ओळीत काम झालं असतं. शनिवारीच झालं असतं. तुझ्या छातीत काल कफ भरला होता. माझ्या कोर्ससाठी? मी तिकडे जाऊन काय शिकणार होते, असं सॅम्पल आलं तर पेशंटला औषध विचारायचं, हेच ना? ते तर मी इथेच शिकले, तुझ्यावर.

खूप चिडलेय. आठ वाजता येते. तुझ्याजवळ बसेन, ओरडणार नाही.

दर्शना


शनिवार, १५ फेब्रुवारी

प्रिय दर्शना,

बुधवारी ऑपरेशन झालं ते तू पाहिलंसच. आज सकाळी वॉकर धरून चार पावलं टाकली. फिजिओवाली सपना माझ्या कानाशी 'शाब्बास टीचर' ओरडली, तर अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

दुपारी दोन वाजता मी घड्याळ बघितलं. तुझी गाडी सुटायची वेळ. तू मात्र खाली कँटीनमध्ये वडे खात होतीस. जुलैच्या तुकडीत जायचं ठरवलंस, ठीक आहे. जुलैत तुला मी स्वतः ढकलत नेईन. वहिनीला काल तू आजाराचं सांगितलंस. ती आली, तिने माझे केस विंचरले. मी लपवायला नको होतं. तुझी माफी मागते. पुन्हा मागायला लावू नकोस.

आता तुझ्या पत्रातल्या एका ओळीबद्दल. 'आनंद आहे ना' असं तू विचारलंस.

चार दिवस मला वाटत होतं की तिनेच हात वर केलाय. वर्गात मागच्या बाकावर एखादी मुलगी असते ना, वर्षभर तोंड उघडत नाही आणि एक दिवस अचानक हात वर करते. अडतीस वर्षांनी ती म्हणतेय, बाई, मी होते. मला ताप होता, दुखत होतं, ऑपरेशन रद्द झालं होतं आणि तरी आतून मला कसंतरीच बरं वाटत होतं. म्हणूनच नलिनी औषधाचं म्हणाली तेव्हाही ते कारण असेल असं मनात आलं नाही. यावेळी खरंच आलं नाही.

मग तू लिहिलंस की मागमूस नाही. बॅग लागली, रंग परत आला, सगळे खूश. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सिस्टरला वाटलं पाय दुखतोय.

हे तुला सांगितलं नसतं तर पुन्हा लपवल्यासारखं झालं असतं.

तुझी आत्या


मुलुंड
गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र पाच दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय.

मी 'आनंद आहे ना' असं लिहिलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि मी फक्त लॅबवाली होते. चुकलं माझं. पण जे खरं आहे तेही सांगते. अँटीबॉडी सगळ्याच बायकांत तयार होत नाही. दहा मुलांच्या आईतही कधी एक सापडत नाही. रक्तात नाही म्हणजे झालंच नाही, असा अर्थ नसतो. आम्ही फक्त बॅग द्यायची की नाही एवढंच शोधतो. बाकी काही आमच्या नळीत दिसत नाही.

तू सोमवारी घरी येणार, बोरिवलीला नाही, आमच्याकडे घाटकोपरला. यावर चर्चा नाही. परळची बाटली पुढच्या आठवड्यापासून पुन्हा सुरू होईल आणि त्या औषधाचा हा घोळ शेवटच्या बाटलीनंतरही सहा महिने राहतो. उद्या कुठे दुसरीकडे रक्त लागलं तर तिथल्या पोरीने पुन्हा चार दिवस धावायला नको. म्हणून तुझ्यासाठी एक कार्ड बनवतेय. ते कायम पाकिटात ठेवायचं. नाव, ग्रुप, औषधाचं नाव, 'तपासण्याआधी रक्तपेढीला दाखवा' असं लाल शाईत. मॅडम सही करणार आहेत.

त्यात एक रकाना पूर्वीच्या रक्ताचा आहे आणि एक पूर्वीच्या गरोदरपणाचा. रक्ताच्या रकान्यात आताच्या दोन बॅगा लिहिल्यात. पूर्वीच्या दोन बाटल्या आणि दुसरा रकाना तू म्हणशील तसं. ते कार्ड आई बघेल, सम्यक बघेल, पुढे कोण कोण बघेल. तू सांगितलंस तरच भरते. रिकामा ठेवलास तरी मी कुणालाही काही विचारू देणार नाही.

दर्शना


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दर्शना,

पूर्वीच्या दोन बाटल्या लिही. साल १९८७.

दुसऱ्या रकान्यात 'एक' लिही. पेनने लिही, पेन्सिलने नको. वहिनीने विचारलं तर मी सांगेन, तू नाही. दादूने त्या दिवशी काय केलं तेही तिला सांगेन. आपल्या नवऱ्याबद्दल एवढं तरी तिला कळायला हवं.

आणि त्या रकान्यात जागा उरली तर पुढे लिही, मुलगी होती.

आत्या